दात काढताना नेमकं कुठे चुकतं: तालुक्याच्या ठिकाणी नव्याने दवाखाना टाकलेल्या डेंटिस्टसाठी

इंटर्नशिप संपवून गेवराईला, वसमतला किंवा निलंग्याला बसलेले नवे डॉक्टर फोन करतात, तो बहुतेक वेळा एकाच कारणासाठी. "सर, मूळ तुटलंय. आता काय करू?" त्या क्षणी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. मूळ फोर्सेपखाली (दात पकडायच्या चिमट्याखाली) तुटलं हे खरं, पण चूक अर्धा तास आधीच झालेली असते. एक्स-रे घेतला नाही, भूल चढू दिली नाही, किंवा इलेव्हेटर (दात सैल करायचं पातं) लावायचा कंटाळा केला. म्हणून इथे सगळं क्रमाने दिलं आहे. विषय एवढाच: तोंडात दिसणारी, फोर्सेपने निघू शकणारी साधी दाढ. हाडात रुतलेली अक्कलदाढ यात नाही. ती पहिल्या वर्षी एकट्याने काढायच्या भानगडीत पडू नये.

टप्पा १: आधी माणूस तपासा, मग दाढ

बाजाराच्या दिवशी दवाखाना भरलेला असतो. खुर्चीत बसलेला मामा म्हणतो, "दाढ लई ठणकायलीय, काढूनच टाका. पाचची गाडी हाय." ही घाई तुमच्या अंगात शिरली की पुढचं सगळं बिघडतं. गाडी चुकली तर दुसरी मिळते, त्यामुळे खालची विचारपूस पूर्ण झाल्याशिवाय सिरिंज हातात घ्यायची नाही.

पहिला प्रश्न: जेवून आलात का? एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, काहीही असू शकतं. शिवाय दात काढायचा म्हणजे उपाशी यायचं असतं, असा पुष्कळांचा समज आहे. उपाशी माणूस सुई पाहूनच घेरी येऊन पडतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तीस किलोमीटर जीपमध्ये उभं राहून आला असेल तर हमखास. डायबेटिसच्या पेशंटची वेगळीच गंमत असते. तो दवाखान्यात जायचं म्हणून जेवणही टाळतो आणि सकाळची गोळीही टाळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोळी घेतो आणि जेवण टाळतो. अपॉइंटमेंट देतानाच सांगा: रोजच्या गोळ्या घेऊन, पोटभर जेवून, शक्यतो सकाळच्या वेळी या.

बीपी स्वतः मोजा. "बीपी नाही मला" याचा अर्थ बऱ्याचदा "कधी मोजलंच नाही" असा असतो. १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर आज दात काढायचा नाही, फिजिशियनकडे पाठवायचं. साखर ग्लुकोमीटरवर तिथेच बघा. ७० च्या खाली असेल तर आधी साखरपाणी. २०० च्या पुढे असेल आणि दाढेत पू नसेल तर थांबता येतं. पू असेल तर मात्र फिजिशियनशी बोलून लवकर मार्ग काढा, कारण तो पू असेपर्यंत साखर आटोक्यात येणं अवघड.

गोळ्यांची नावं विचारू नका, पाकीट बघा. "हार्टची बारकी गोळी" म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध: अ‍ॅस्पिरिन असेल, क्लोपिडोग्रेल असेल किंवा वॉरफरिनच्या जातीचं काही असेल. स्टेंट टाकलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या अधिकारात बंद करू नका. दाढेचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. बंद पडलेल्या स्टेंटचं तसं नसतं. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असेल तर चोवीस तासांच्या आतला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, याची तपासणी) हवा. तो ३.५ च्या वर असेल तर तालुक्याच्या खुर्चीत हात घालू नये.

आणखी चार गोष्टी पटकन विचारा. हृदयाची झडप बदलली आहे का, किंवा झडपेला पूर्वी इन्फेक्शन झालं होतं का? असेल आणि पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी नसेल, तर अर्धा ते एक तास आधी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम द्या. तोंडाला किंवा मानेला रेडिएशनचे शेक घेतले आहेत का? हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू आहे का? या दोन्हींत जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, तेव्हा हा पेशंट मेडिकल कॉलेजचा किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा. बाई गरोदर असेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात बरा, आणि खुर्चीत उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला थोडं डावीकडे कलतं ठेवा.

> सावधान: तंबाखू-चुना, मिसरी किंवा पुडी असलेल्या माणसाची एकच दाढ हलत असेल, आजूबाजूला कीटण नसेल आणि शेजारी न भरणारी जखम किंवा कडक गाठ लागत असेल, तर ती दाढ काढू नका. तो हिरडीचा आजार नसून कॅन्सर असू शकतो. आधी बायोप्सी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण ती कागदावर किती आणि टपरीवर किती, हे आपण रोज तोंडं उघडून बघतोच.

चेहऱ्यावर सूज आहे म्हणून "पाच दिवस अँटिबायोटिक घ्या, मग काढू" ही सवय सोडा. दाढ निघणार असेल आणि भूल लागत असेल तर काढणं हाच पू निघायचा रस्ता. याला अपवाद म्हणजे तोंड उघडत नाही, जिभेखाली सूज आहे, गिळायला किंवा श्वासाला त्रास आहे. अशाला गोळ्या लिहून घरी पाठवायचं नाही. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं, आणि सोबत माणूस द्यायचा.

टप्पा २: एक्स-रे, नंबर आणि सही

एक्स-रेशिवाय दाढ काढणारे आहेत, आणि त्यांचेच फोन जास्त येतात. फिल्मवर मुळाचं टोक आणि त्यापुढचं दोन-तीन मिलिमीटर हाड दिसलंच पाहिजे. अर्धं मूळ दिसणारा एक्स-रे काढला काय आणि न काढला काय. बघायचं ते हे: मुळं किती, कुठे वाकलेली, टोकाला जाड झालीत का, दोन मुळांमधलं हाड किती. वरच्या दाढेत सायनस (गालाच्या हाडातली हवेची पोकळी) किती जवळ, खालच्या दाढेत नसेची नळी किती जवळ. रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ असते. आणि आजूबाजूचे दात कधीच गेलेत, वर शेवटची एकटीच दाढ उभी आहे, अशी असेल तर ती सगळ्यात फसवी. ती ओढताना मागचं हाडच सोबत येऊ शकतं.

मग नंबर. पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते आणि वरच्या दाढेचं दुखणं पेशंटला खालच्या दाढेत वाटतं. चुकीचा दात निघतो तो यामुळेच. एफडीआय पद्धतीने (प्रत्येक दाताला दोन आकडी) नंबर लिहा, पेशंटला आरशात दाढेवर बोट ठेवायला लावा, आणि असिस्टंटला मोठ्याने सांगा: "उजवी खालची पहिली मोठी दाढ, ४६." हा नंबर संमतिपत्रावर हवा, आणि संमतिपत्र मराठीत. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसासमोर वाचून दाखवा.

"वरची दाढ काढली की नजर जाते" ही भीती इथेच निघते. हसू नका. नजरेचा आणि दाढेचा संबंध नाही, एवढं शांतपणे सांगितलं की पुरतं.

टप्पा ३: ट्रे आधी, भूल नंतर

भूल दिल्यावर "तो क्रायर कुठंय?" म्हणून कपाट धुंडाळणं बंद करा. ट्रेवर आरसा, प्रोब, ट्वीझर, पेरिऑस्टियल इलेव्हेटर, सरळ इलेव्हेटर, क्रायरची जोडी (राहिलेलं मूळ उचकटायचे इलेव्हेटर), त्या दाढेचा फोर्सेप, क्युरेट (खरवडायचा चमचा), बोन फाइल, गॉज, टाक्याचं सामान, आणि हाताशी सलाइन व जिलेटिन स्पंज. वरच्या मोठ्या दाढांचे फोर्सेप डाव्या-उजव्याला वेगळे असतात. टोक असलेली चोच गालाकडे, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

ऑटोक्लेव्हला १२१ अंश आणि १५ पौंड दाब पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. पाऊचमधल्या सामानाला तीस मिनिटं धरा. आपल्याकडे खरी अडचण विजेची. वीस मिनिटं झाल्यावर लाइट गेली आणि नंतर आली, तर उरलेली दहा मिनिटं चालवून भागत नाही. चक्र पहिल्यापासून पूर्ण करायचं. उन्हाळ्यात म्हणून सामानाचे दोन-तीन जादा सेट बांधून ठेवलेले बरे.

> तपासा: ऑक्सिजन सिलिंडरमध्ये ऑक्सिजन आहे का? अ‍ॅड्रेनलिनची अँप्युल मुदतीत आहे का? या दोन गोष्टी महिन्यातून एकदा नव्हे, रोज सकाळी दवाखाना उघडताना बघायच्या.

टप्पा ४: भूल

माझ्या मते निम्म्या दाढा भुलीच्या टप्प्यातच बिघडतात. दुखलं की पेशंट दचकतो, तो दचकला की तुम्ही घाई करता, आणि घाईत मूळ तुटतं.

२ टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनसहित असेल तर कमाल डोस किलोमागे ७ मिलिग्रॅम, आणि एकूण ५०० च्या वर नाही. चाळीस किलोच्या म्हातारीला म्हणजे १४ मिलिलिटरच्या आत. एका दाढेला एवढं लागतच नाही, पण एका बैठकीत पाच-सहा दात काढताना हिशोब सुटतो. हृदयाचा त्रास असलेल्यांत मर्यादा अ‍ॅड्रेनलिनची असते: ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे १:८०,००० च्या (ऐंशी हजार भागांत एक भाग) औषधाचे जेमतेम ३ मिलिलिटर.

वरच्या दाढेला गालाच्या बाजूने एक-दीड मिलिलिटर आणि टाळूला दोन-तीन थेंब पुरतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या मुळाची नस बऱ्याचदा वेगळी असते, म्हणून तिथे दाढेच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे भूल द्या.

खालच्या दाढेचा ब्लॉक (मुख्य नसेजवळ द्यायची भूल) जरा बारकाईने बघू. तोंड पूर्ण उघडलेलं. डाव्या हाताचा अंगठा जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेवर, तिथल्या खोलगट जागेत ठेवा. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून येते. सुई दाढांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर वर, अंगठ्याखालचं हाड आणि आतली उभी वळी यांच्यामध्ये टोचा. वीस ते पंचवीस मिलिमीटर आत गेल्यावर हाड लागलं पाहिजे. फार लवकर लागलं तर तुम्ही पुढे आहात. सिरिंज थोडी पुढच्या दातांकडे फिरवून घ्या. लागलंच नाही तर फार मागे गेलात. तिथे औषध सोडलं तर अर्धा चेहरा काही तास वाकडा होतो, आणि ती बातमी गावात तुमच्या आधी पोहोचते. हाड लागलं की एक मिलिमीटर मागे या, दट्ट्या ओढून रक्त येत नाही हे बघा, मग दीड मिलिलिटर एका मिनिटात सावकाश सोडा. अर्धी सुई बाहेर काढून जिभेच्या नसेसाठी थोडं. गालाच्या हिरडीसाठी वेगळी टोच हवीच. ती विसरली की फोर्सेप लावताना पेशंट ओरडतो.

पुडी खाऊन तोंड दोन बोटंही उघडत नाही, असे तरुण आता रोज येतात. त्यांना हा ब्लॉक जमत नाही. बंद तोंडाने द्यायचा वझिरानी-अकिनोसी ब्लॉक शिकून घ्या. पण फोर्सेप आत जाऊन हलवायला जागा आहे का, हे आधी बघा. नसेल तर भूल देण्यात अर्थ नाही.

> तपासा: पाच मिनिटं थांबा. ओठ मधोमधपर्यंत जड पडला का, हे विचारा. मग प्रोब हिरडीच्या फटीत गालाकडून आणि जिभेकडून टोचून बघा. "ओठ जड झालाय" एवढ्यावर सुरुवात करू नका. पेशंटला आधीच सांगा, "दाब कळेल मामा, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा." आणि हात वर झाला की खरोखर थांबा.

टप्पा ५: हिरडी सोडवा, मग इलेव्हेटर

वरच्या दातांसाठी खुर्ची मागे कलती, पेशंटचं तोंड तुमच्या खांद्याच्या जरा खाली. खालच्या दातांसाठी पाठ जास्त सरळ, तोंड कोपराच्या पातळीला. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या खालच्या दाढांना मागे उभं राहायचं, बाकी सगळीकडे समोर उजवीकडे.

पेरिऑस्टियल इलेव्हेटरने दाढेभोवतीची हिरडी हाडापर्यंत सोडवा. हे टाळलं की फोर्सेपसोबत हिरडी फाटत येते.

मग सरळ इलेव्हेटर दाढेच्या पुढच्या फटीत, दाताला काटकोनात. खोलगट बाजू काढायच्या दाताकडे. टेकू हाडाचा घ्यायचा; शेजारच्या दाताचा घेतला तर त्याची कॅप निघते किंवा तोच हलतो. मनगट सावकाश फिरवा, धरून ठेवा, सोडा. डाव्या हाताचं बोट पात्याच्या टोकाजवळ असू द्या, म्हणजे घसरलं तर जिभेत किंवा टाळूत घुसणार नाही.

> तपासा: दाढ डोळ्यांना दिसेल एवढी हलली का? नसेल तर फोर्सेपला हात लावू नका. बरेच प्रयत्न करूनही हलत नसेल तर जोर वाढवायचा नाही. एक्स-रे परत बघायचा. मुळं वेगळी करून काढणं किंवा सर्जनला बोलावणं यात कमीपणा नाही.

टप्पा ६: फोर्सेप

जमिनीत पक्का रोवलेला खुंटा ओढून निघत नाही. हलवून हलवून भोवतीची जागा मोठी करावी लागते. दाढेचंही तसंच. तुमचं काम हाडाची भिंत थोडी रुंदावण्याचं आहे. ओढणं सगळ्यात शेवटी, आणि अगदी थोडं.

चोच आधी जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूला बसवा, मग गालाकडे. दोन्ही चोची हिरडीखाली, मुळावर बसल्या पाहिजेत. वरच्या किडलेल्या भागावर पकडलं की तोच तुटून हातात येतो. आता मुळाच्या टोकाकडे दाब द्या, जणू दाढ आत ढकलायची आहे. डाव्या हाताची बोटं दोन्हीकडून हाडावर. खालच्या दाढेला जबडा खालून आधार देऊन धरा, नाहीतर सांधा निखळतो.

हालचाल दातागणिक बदलते. मोठ्या दाढा गालाकडे आणि आतल्या बाजूकडे हलवायच्या, गालाकडे जास्त. वरचा मधला पटाशीचा दात आणि खालच्या उपदाढा गोल मुळाच्या असतात, त्या थोड्या फिरवता येतात. वरची पहिली उपदाढ कधीही फिरवू नका. तिला बहुधा दोन बारीक मुळं असतात आणि ती काडीसारखी मोडतात. प्रत्येक झुकावाला काही सेकंद धरून ठेवा. झटका नको.

एका बैठकीत जास्त दात काढायचे असतील तर वरचे आधी, मागचे आधी. वरची भूल लवकर चढते, आणि वरचा कचरा खालच्या उघड्या खड्ड्यात पडत नाही.

> सावधान: वरची शेवटची दाढ हलवताना सोबत मागचं हाड हलताना बोटाला जाणवलं तर ताबडतोब थांबा. दाढ ओढून काढू नका. ती शेजारच्या दातांना बांधून ठेवा आणि सर्जनकडे पाठवा.

टप्पा ७: खड्डा

निघालेली दाढ ट्रेवर फेकू नका. पाण्याने धुऊन मुळं मोजा. खालच्या मोठ्या दाढेला सहसा दोन, वरच्या मोठ्या दाढेला तीन. टोकं गोल, गुळगुळीत हवीत. टोक खरखरीत असेल तर तुकडा आत आहे. तो चार मिलिमीटरपेक्षा लहान, खोल, पू नसलेला, आणि काढायला गेलं तर नसेला किंवा सायनसला धोका असेल, तर राहू द्या. पण पेशंटला सांगा, एक्स-रे घ्या, कागदावर लिहा. लपवलेला तुकडा दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या एक्स-रेत दिसतोच.

खड्डा प्रत्येक वेळी खरवडायची गरज नाही. टोकाशी गाठ किंवा खराब मांस असेल तरच क्युरेट. हाडाचं टोचणारं टोक घासा, सलाइनने धुवा, दोन्ही भिंती बोटांनी दाबून जवळ आणा. वरच्या दाढेनंतर सायनसला भोक पडलंय अशी शंका आली तर आत प्रोब घालून खात्री करत बसू नका. दोन मिलिमीटरपर्यंतचं भोक रक्ताची गुठळी टिकली की भरतं. दोन ते सहा असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा टाका, आणि दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. त्याहून मोठं असेल तर सर्जन.

मग ओलसर गॉजची घडी, खड्ड्यावर नेमकी, आणि घट्ट चावायला सांगा. पेशंटला अर्धा तास बाहेर बाकड्यावर बसवा. गॉज काढून रक्त थांबलंय हे स्वतः बघितल्याशिवाय गाडीला सोडू नका. पन्नास किलोमीटरवरच्या वाडीत रात्री अकराला रक्त सुरू झालं तर ते परत येऊ शकत नाहीत.

टप्पा ८: घरी पाठवताना

सूचना दोनदा सांगा: एकदा पेशंटला, एकदा सोबतच्याला. मोठ्या अक्षरातला मराठी कागद द्या. त्यावर इतकं पुरे:

चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. थोडं रक्त मिसळलेली लाळ गिळायची. तंबाखू, मिसरी, बिडी निदान तीन दिवस बंद, जितकं लांबेल तितकं चांगलं. आज गरम चहा नाही. दुधात कुस्करलेली मऊ भाकर, वरणभात, खिचडी चालेल; ठेचा आणि शेंगदाणे नकोत. आज-उद्या ओझं उचलायचं नाही, वाकून काम नाही. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या. रक्त आलं तर स्वच्छ कापडाची घडी अर्धा तास दाबून धरायची. तरी थांबलं नाही तर फोन. लहान मूल असेल तर भूल उतरेपर्यंत ओठ चावत नाही ना, यावर लक्ष ठेवा.

यातलं थुंकण्याचं पथ्य सगळ्यात आधी मोडलं जातं. ज्याला दिवसभर पिचकारी मारायची सवय आहे, त्याला कारण सांगा: थुंकताना गुठळी निघते आणि पुढचे आठ दिवस दाढेपेक्षा जास्त दुखतं. असं सांगितलं तर ऐकतात.

भूल उतरायच्या आत पहिली गोळी. पोट, किडनी आणि दमा यांचा त्रास नसेल तर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० जेवणानंतर. साध्या दाढेनंतर, धडधाकट माणसाला अँटिबायोटिक लागत नाही. गोळ्या कमी लिहिल्या की डॉक्टर कच्चा वाटतो, हे ठाऊक आहे. वाटू द्या.

सुई दोन्ही हातांनी झाकू नका. ती टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, रक्ताचं गॉज आणि दाढ पिवळ्या पिशवीत.

टप्पा ९: परत आला तर

त्याच रात्रीचं रक्त बहुधा अ‍ॅड्रेनलिन उतरल्यावरचं असतं. बसवा, जुनी लोंबणारी गुठळी काढा, भूल द्या, दाबा, स्पंज भरून टाका घाला. आठवड्याने आलेलं रक्त इन्फेक्शनचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका, तोंडाला वास, खड्डा रिकामा आणि हाड उघडं, हे ड्राय सॉकेट. यावर अँटिबायोटिक बदलत बसू नका. कोमट सलाइनने धुवा, युजेनॉलची (लवंग तेलातल्या औषधाची) पट्टी ठेवा, एक-दोन दिवसांनी बदला. खरवडून रक्त काढायचा जुना उपाय करू नका. आणि तीन आठवड्यांनीही खड्डा भरत नसेल, त्यातून मांस वर येत असेल, तर पट्ट्या थांबवून बायोप्सीला पाठवा.

बीड, धारूर, केज, माजलगावकडे दवाखाना असेल तर दसऱ्यानंतर एक गोष्ट बदला. टोळी कारखान्याला निघायच्या आधल्या दिवशी ऊसतोडीची माणसं दाढ काढायला येतात, आणि परत येतात ती पाच-सहा महिन्यांनी. त्यांना विरघळणारा टाका घाला. कोणती दाढ काढली, आत काही राहिलं का, कोणती गोळी दिली, हे चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे कारखान्याच्या गावचा डॉक्टर अंधारात राहणार नाही. जमलं तर सप्टेंबरातच मुकादमांना निरोप धाडा, की ज्यांच्या दाढा दुखतात त्यांना निघायच्या पंधरा दिवस आधी पाठवा.